खाजेवर काय लावावे? खोबरेल, पेट्रोलियम जेली, कॅलामाइन, पित्ताची गोळी आणि मलम यांचा तुलनात्मक आढावा

खाज सुटली की घरातल्या माणसाचा हात बहुधा ठरलेल्या पाच वस्तूंकडे जातो: खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली, कॅलामाइनची गुलाबी बाटली, पित्ताची गोळी (अंगावर पित्त उठल्यावर घेतात ती) आणि मागच्या वेळी उरलेली मलमाची ट्यूब. या पाचही वस्तू कोणत्या ना कोणत्या खाजेवर खरोखर उपयोगी पडतात, आणि भलत्या खाजेवर वापरल्या तर वाया जातात किंवा त्रास वाढवतात. म्हणून कोणती वस्तू चांगली हे ठरवण्याआधी आपली खाज कोणती हे ओळखावे लागते, आणि बऱ्याच वेळा ते घरच्या घरी जमते.

कोकणात किंवा घाटात ज्याच्या अंगाला खाजकुइलीच्या शेंगेची लव लागली आहे, त्याला एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. ती खाज डास चावल्याच्या खाजेपेक्षा वेगळी असते. तिच्यात टोचणे आणि जळजळ मिसळलेली असते. याचे कारण असे की डासाच्या चाव्यात किंवा अंगावर पित्त उठते तेव्हा त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, तर खाजकुइलीच्या लवेतले एक विकर (एन्झाइम) हिस्टामिनला वळसा घालून त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट चेतवते. इसब आणि कोरड्या त्वचेची खाजसुद्धा बहुतांशी हिस्टामिनवर अवलंबून नसते. पित्ताची गोळी फक्त हिस्टामिनला अडवते, त्यामुळे ती एका प्रकारच्या खाजेवर तासाभरात गुण देते आणि दुसऱ्या प्रकारच्या खाजेवर महिनाभर घेतली तरी रात्रीच्या झोपेपलीकडे फारसे काही देत नाही.

मग पित्त आहे की नाही, हे कसे ओळखावे? अंगावर उठलेल्या एका गांधीभोवती (खाजणाऱ्या फुगवट्याभोवती) पेनाने गोल काढून ठेवावा. चोवीस तासांत ती गांध मागे डाग न ठेवता विरली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ते बहुतेक अंगावरचे पित्तच असते. या पित्ताचा पोटातल्या आम्लपित्ताशी संबंध असतो असे नाही. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे ही गल्लत होते आणि कित्येक जण खाजेसाठी ॲसिडिटीचे औषध घेत राहतात. आमसुलाचा कोळ अंगाला चोळण्याची आपली जुनी रीत थंडाव्यामुळे घटकाभर आराम देते आणि त्वचा फुटलेली नसेल तर ती करायला हरकत नाही, परंतु गांधी थांबवण्यासाठी सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन हीच गोळी योग्य ठरते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. वाहन चालवणाऱ्यांनी आणि पडण्याचा धोका असलेल्या वृद्धांनी त्या टाळलेल्या बऱ्या. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर तुलना करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

सर्वांत अधिक लोकांना भेडसावणारी खाज मात्र साध्या कोरडेपणाची असते, आणि तेल की जेली हा खरा निर्णय तिथेच घ्यावा लागतो. हिवाळ्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात सकाळी नडगीवरून नख ओढून पाहावे: पांढरी रेघ उमटली आणि पिठासारखा कोंडा निघाला, तर त्वचेचा सर्वांत वरचा थर सुकला आहे असे समजावे. या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा गिलावा असतो. कढत पाणी आणि साबण हा गिलावा धुऊन नेतात. शिवाय त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, तर साबणाची वडी चांगलीच अल्कधर्मी असते. गिलावा गेला की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरची धूळ, लोकर, घाम आत टोचू लागतात.

पाणी अडवून धरण्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचे दुसरे स्वस्त द्रव्य नाही. तिच्या थराखाली त्वचेतून उडणाऱ्या वाफेत ९८ टक्क्यांपर्यंत घट होते असे सांगितले जाते, तर बहुतेक तेले २० ते ३० टक्क्यांवर थांबतात. जेलीला वास नाही, तिची ॲलर्जी अत्यंत विरळा, आणि सर्वांगाला रोज भरपूर लावायचे म्हटले तरी खिशाला परवडते. तिचा दोष हवामानाचा आहे. मे महिन्यातल्या रत्नागिरीत किंवा मुंबईत ती चिकचिकते, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आणते आणि घामोळ्यात भर घालते. अशा दमट हवेत खोबरेल उजवे ठरते. त्यातल्या लॉरिक आम्लाचा जंतूंवर काहीसा परिणाम होतो आणि सौम्य इसबावर ते उपयोगी पडल्याचे फिलिपिन्समधल्या चाचण्यांत दिसले आहे. मोहरीचे तेल मात्र कोरड्या किंवा चिरलेल्या त्वचेवर झोंबते, म्हणून लहान मुलांसाठी मी ते सुचवणार नाही.

तेल किंवा जेली यांपैकी काहीही निवडले तरी ते कधी लावावे, याला जास्त महत्त्व आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे आंघोळीआधी तेल लावून मग ते साबणाने किंवा उटण्याने खरवडून काढायची पद्धत आहे; कोरड्या त्वचेच्या माणसाला तिचा लाभ निम्माही मिळत नाही. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, साबण काखा, जांघा आणि पावले यांपुरता ठेवावा, अंग टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल किंवा जेली लावावी. डोक्यातल्या कोंड्याची खाज याला अपवाद आहे, कारण त्या कोंड्याशी निगडित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते. तिथे तेल मुरवून ठेवण्यापेक्षा किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू बरा.

कॅलामाइनबद्दल थोडक्यात सांगता येते. झिंक ऑक्साइड आणि थोडे आयर्न ऑक्साइड असलेले हे द्रावण सुकताना थंडावा देते आणि ओल शोषते, म्हणून घामोळे, किड्यांचे चावे आणि कांजिण्या यांवर ते चांगले. कोरड्या त्वचेवर लावले तर ती आणखी सुकते.

राहिली मलमाची ट्यूब, आणि माझी सर्वांत मोठी काळजी तिच्याबद्दलच आहे. दुकानात “खाजेचे मलम द्या” म्हटल्यावर हातात येणारी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, जोडीला निओमायसिन किंवा जेंटामायसिन, शिवाय मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल अशी नावे एकत्र दिसली, तर त्यात तीव्र स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची खिचडी आहे. गजकर्णावर, म्हणजे बुरशीने उठणाऱ्या गोल चट्ट्यावर, ही ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज आणि लाली पळते, कारण स्टिरॉइडने त्वचेचा प्रतिकार झोपवलेला असतो. खाली बुरशी मात्र पसरत राहते. लावणे थांबवले की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परततो, त्याची गोल कड पुसट झालेली असते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात ते वेगळेच. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणले, तरीही ती सर्रास मिळतात. त्यातच २०२० मध्ये नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी भारतात मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा मुळीच नाही. डॉक्टरांनी इसबाचे निदान करून दिलेले, योग्य ताकदीचे, ठरावीक दिवसांचे स्टिरॉइड मलम हे या पाच वस्तूंत सर्वांत गुणकारी औषध ठरू शकते, आणि त्याच्या धास्तीने मुलाला रात्ररात्र खाजवत ठेवणे योग्य नव्हे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, असे प्रमाण धरावे.

दोन खाजांवर या पाचांपैकी काहीच पुरेसे नाही. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि कमरेभोवती असणारी, घरात एकाहून अधिकांना असलेली खाज खरजेची समजावी. तिच्यावर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून पायांपर्यंत रात्रभर लावून ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. खाज नसलेल्यांसह घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावले नाही तर ती फिरून येते. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून वरचेवर औषध चोपडू नये. दुसरी खाज स्पर्शाची: बिब्बा उतणे, टिकलीखाली उठलेला चट्टा, कानातल्या खोट्या दागिन्याने चिघळलेली पाळी, किंवा शेतकऱ्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या वळ्या धरणारा गाजर गवताचा त्रास, जे गवत १९५५ मध्ये पुण्यात नजरेस आल्यापासून देशभर पसरले. इथे कारणापासून दूर राहणे हाच पहिला उपचार.

पुरळ नसताना सर्वांगाला सहा आठवड्यांहून अधिक खाज असेल, डोळे पिवळे दिसत असतील, वजन घटत असेल, किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजत असतील, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्त यांची तपासणी डॉक्टर सांगतात. गोल चट्ट्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे असेल, तर आधीचे काही दिवस त्यावर काहीही लावू नये, कारण कडेची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी थोड्या वेळात दिसू शकते आणि मलमाने ती लपते. आधी वापरलेली ट्यूब रिकामी असली तरी सोबत न्यावी.