युरेलचा युथ पास दोन महिने वापरून: पास परवडतो, जागा परवडत नाही

युरेल म्हणजे युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा, युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास. माझा होता दोन महिन्यांत कुठलेही दहा प्रवासदिवस, सेकंड क्लास, ग्लोबल पास, म्हणजे एका देशापुरता नाही. वय 27 पर्यंत असेल तर मोठ्यांपेक्षा 25 टक्क्यांपर्यंत स्वस्त. वय धरतात ते पास सुरू होतो त्या दिवसाचं.

खटकलं ते एकच, आरक्षण. बडनेऱ्याहून मुंबईचं स्लीपर काढलं की बर्थचे पैसे तिकिटातच येतात. तिकडे पास म्हणजे नुसतं भाडं. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची आवे, इटलीची फ्रेच्चारोस्सा, या वेगवान गाड्यांत बसायच्या जागेचे पैसे वेगळे. टीजीव्हीला 10 किंवा 20 युरो, त्यातही पासवाल्यांच्या जागा मोजक्या. युरेलच्या साइटवरून काढलं तर दर माणशी, दर गाडी आणखी 2 युरो. युरो शंभर रुपये धरला तरी 20 युरोच्या चार गाड्या म्हणजे आठ हजार. घरच्या एका क्विंटल कापसाचे पैसे नुसते टेकायला गेले!

म्हणून युरेलच्या ॲपमध्ये आरक्षण न लागणाऱ्या गाड्या तेवढ्याच निवडून बघा. जर्मनी, ऑस्ट्रियात देशातल्या देशात आणि स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत पास दाखवला की झालं. मिलान–व्हेनिस रीजनल, म्हणजे साध्या गाडीने तासभर जास्त लागतो, पण जागेचा एक पैसा नाही.

रात्रीच्या गाडीबद्दल मात्र मत बदललं. कुशेटचे, म्हणजे झोपायच्या बर्थचे, पैसे आधी जड वाटतात, पण लॉजचा खर्च वाचतो आणि प्रवासदिवस फक्त निघायच्या तारखेचा जातो. अट एवढीच की मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नाही. बदलली की दुसरा दिवस कापला.

हिशोब सोपा आहे. पासची किंमत भागिले दिवस. दहा दिवसांच्या युथ पासात एक दिवस 35 युरोच्या आसपास पडतो. झुरिक–जिनिव्हाचं पूर्ण भाडं त्याच्या कितीतरी वर, तिथे पासचा दिवस घाला. व्हिएन्ना–बुडापेस्ट आगाऊ काढलं तर निम्म्यात मिळू शकतं, तिथे दिवस वाया घालवू नका. पंधरा दिवसांचा सलग पास रोज गाडीत बसणाऱ्यालाच परवडतो.

मोबाइल पासात, म्हणजे ॲपमधल्या पासात, चूक होते ती इथे: गाडी शोधून ट्रिपमध्ये टाकली म्हणजे तिकीट झालं असं वाटतं. तसं नाही. त्या गाडीपुढचं बटण सरकवून ती पासला जोडायची, मग क्यूआर कोड उघडतो. हे गाडीत चढायच्या आधी. टीसी आल्यावर केलं तर दंड होऊ शकतो. ॲपला तीन दिवसांत एकदा तरी नेट लागतंच, नाहीतर पास उघडत नाही. टीसी पासपोर्टही मागतो, तो सुटकेसच्या तळाशी नको.

पैसे भरताना गावच्या बँकेचं कार्ड अडतं, कारण नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो. तो बँकेच्या ॲपमधून सुरू करा. फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठी बँक लावते ते जादा पैसे, दोन-तीन टक्के धरा. ओटीपीसाठी गावचं सिम चालू ठेवा.

आणि जो पोरगा जर्मनीत शिकायला राहतो त्याने युरेल घेऊ नये. पासपोर्ट भारतीय असला तरी रहिवास युरोपातला, म्हणून त्याला इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास, लागतो. त्यात राहत्या देशात एक बाहेर पडायचा आणि एक परतीचा प्रवासच चालतो. जर्मनीतल्या बाकी फेऱ्यांचं तिकीट त्याने वेगळं काढायचं.