बार्बाडोसमध्ये ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या, वाढवायच्या तर आधी काय, गाडीवर करमाफी की इलेक्ट्रिक बस?

बार्बाडोस बेट लांबीला जेमतेम 34 किलोमीटर, म्हणजे ईव्ही घेताना लोकांना रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाईल याची, जी धास्ती वाटते ती इथे जवळपास नाहीच, रात्री घरी चार्जिंगला लावली की दोन-तीन दिवस बघायला नको. अडतं ते किमतीवर, कारण प्रत्येक गाडी जहाजातून येणार आणि वर कर. म्हणून 2022 मध्ये सरकारने ईव्हीवरचा एक्साइज आणि व्हॅट दोन वर्षांसाठी माफ केला, चांगलंच केलं, पण फायदा कुणाला? ज्याची नवी गाडी घ्यायची ऐपत आहे त्याला, आणि रस्त्यावरची गर्दी आहे तेवढीच राहते.

बसचं तसं नाही. 2020 पासून तिथे सरकारी इलेक्ट्रिक बस धावतायत, एकच बस दिवसभर फिरते त्यामुळे डिझेल भरपूर वाचतं आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्यालाही लाभ मिळतो. खर्च मात्र एकदम सरकारच्या अंगावर येतो, शिवाय डेपोत चार्जर, मेकॅनिकना ट्रेनिंग वगैरे आलंच.

माझं मत बसलाच. फक्त तिथली बरीचशी वीज अजून आयात तेलावरच बनते, तेव्हा डेपोच्या छपरावर सोलर बसवा आणि दुपारी गर्दी कमी असते तेव्हा त्या उन्हावरच बस चार्ज करा.