एक्स-प्लेनमधलं सोलापूर: झूम १६ की १८?

एक्स-प्लेन म्हणजे संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर, आणि ऑर्थो४एक्सपी म्हणजे त्याच्या जमिनीवर खरे हवाई फोटो पसरणारं सॉफ्टवेअर. त्यात जमिनीचे एकेक अंश अक्षांश-रेखांशाचे चौकोन असतात, त्यांना टाइल म्हणतात. सोलापूरची टाइल +१७+०७५. पंढरपूरही तिच्यातच येतं. अक्कलकोट मात्र शेजारच्या टाइलमध्ये.

झूम म्हणजे फोटोच्या बारकाव्याची पायरी. झूम १६ ला आपल्याकडे एक पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, जमिनीवर साधारण सव्वादोन मीटरचा. पाच हजार फुटांवरून सिद्धेश्वर तलाव झकास दिसतो, भुईकोट किल्लाही ओळखू येतो. पण होटगी रोडच्या धावपट्टीकडे उतरायला लागलं, की खालची शेतं पक्क्या रंगाची सोलापुरी चादर राहत नाहीत, धुवून विटलेलं फडकं होतात.

झूम १८ चा पिक्सेल साठ सेंटिमीटरच्याही आतला. घरांची छपरं, बांध, गल्ल्या, सगळं सुटं दिसतं. किंमतही तशीच: दर पायरीला चित्रं चौपट, म्हणजे दोन पायऱ्यांत सोळापट. डाउनलोड लावून झोपा, सकाळीही ते चालूच असेल. हार्ड डिस्कचं तर विचारूच नका.

माझा कौल? पूर्ण टाइल १६ वर, आणि विमानतळाभोवती चौकट आखून तेवढाच भाग १८ वर. ही सोय ऑर्थो४एक्सपीतच आहे.

एक मात्र आहे: झूम कितीही वाढवा, फोटो जमिनीवर सपाटच पसरतो. उंच चिमणीसुद्धा आडवी झोपलेली दिसते. इमारती, झाडं वेगळी बसवावी लागतात.