खारपाणपट्ट्यातल्या घरी सौर बंब : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यात आहे. घरात आई, बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे. नोव्हेंबर २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीचे पाहुणे परत गेल्यावर, आम्ही स्लॅबवर उन्हावर पाणी तापवणारा २०० लिटरचा सौर बंब बसवला. आता सप्टेंबर संपत आला आहे. म्हणजे एक अख्खा हिवाळा, एक उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा या बंबाने आमच्याकडे काढला. दुकानात गेल्यावर बहुतेक बोलणे उन्हाविषयीच होते. विदर्भात उन्हाची चिंता करण्याचे कारण नाही. आमच्या भागात हा बंब टिकतो की बिघडतो ते पाण्यावर आणि पाइपच्या जोडणीवर ठरते. हे मला पैसे मोजून कळले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आमच्याकडे दोन सोयी होत्या. आंगणातल्या चुलीवर तांब्याचा हंडा, आणि न्हाणीत २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर. मुलांच्या शाळेच्या वेळी गिझर लागे, बाकीच्यांचे पाणी चुलीवर तापे, आणि ती चूल पेटवायला आई साडेचारला उठत असे. जळण म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि तुरीच्या तुराट्या. कपाशी संपली की वर्षभराची पऱ्हाटी घरामागे रचून ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे जे नुकसान केले, त्यानंतर कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पऱ्हाटीच्या गंज्या रचून ठेवू नका, कारण वाळलेल्या बोंडांत अळी आणि तिचे कोष टिकून राहतात आणि पुढच्या हंगामात तिथूनच प्रादुर्भाव सुरू होतो. पटत होते, पण पाणी कशावर तापवायचे हा प्रश्न सुटत नव्हता. आईला दोन वर्षांपासून खोकल्याचा त्रास होता आणि डॉक्टरांनी धुरापासून दूर राहायला सांगितले होते. तेव्हा निर्णय घेतला.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या आणि काळा पत्रा असतो. दुसऱ्यात बोरोसिलिकेट काचेच्या दुहेरी भिंतीच्या ट्यूब असतात, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते आणि आतल्या भिंतीवर ऊन शोषणारा लेप असतो. थर्मासमध्ये जशी उष्णता बाहेर पडत नाही, तसेच इथेही होते. तापलेले पाणी हलके होऊन ट्यूबमधून वरच्या टाकीत चढते, थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरते आणि हे फिरणे दिवसभर पंपाशिवाय चालू राहते. वीज गेली तरी बंबाला काही फरक पडत नाही. जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या क्षार धरून चोंदतात. काचेची ट्यूब आतून चांगली रुंद असल्याने लवकर चोंदत नाही आणि काढून धुता येते. म्हणून आम्ही ट्यूबचा प्रकार घेतला आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो. हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारे हीट पंपही पाहिले होते. ते गिझरपेक्षा पुष्कळ कमी वीज घेतात, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती आणि गावातल्या कमीजास्त व्होल्टेजवर तो चालवण्याची हिंमत झाली नाही.

बसवण्याच्या दिवशी मिस्त्रीने बंब जिन्याच्या खोलीजवळ ठेवायला घेतला, कारण तिथून पाइप कमी लागत होता. मी तो हलवायला लावला. डिसेंबरात आपल्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे उन्हाळ्यात दूर वाटणारी सावली हिवाळ्यात लांबत येते. आणि दक्षिणेला शेजाऱ्यांचा कडुनिंब आहे. ट्यूबचे तोंड दक्षिणेला हवे आणि थंडीत सकाळी नऊ ते तीनपर्यंत त्यावर सावली नको, एवढे पाहूनच जागा ठरवावी. जागा हलवल्याने न्हाणीपर्यंतचा पाइप साठ फुटांचा झाला आणि त्याची किंमत आम्ही रोज मोजतो: सकाळी पहिली तोटी उघडली की पाच-सहा लिटर पाणी थंडच येते. ते आम्ही बादलीत धरून भांड्यांना वापरतो. पाइपवर फोमची नळी घातली होती, पण उन्हाने ती चारच महिन्यांत भुगा होऊन गळू लागली. आता नवी घालून वरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली आहे.

हिवाळ्याचा अनुभव मात्र मनापासून समाधानाचा आहे. घरी दुधासाठी घेतलेला तापमापक होता, त्याने मी डिसेंबरात आठवडाभर नोंद ठेवली. टाकीत शिरणारे पाणी २२ अंशांच्या आसपास असे, संध्याकाळी पाच वाजता तेच पाणी ५७ अंश आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ५२ अंश. २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला विजेचे सुमारे आठ युनिट लागले असते. तेवढी उष्णता रोज स्लॅबवर आपोआप जमा होत होती. सहा जणांच्या आंघोळीला ऐंशी लिटरच्या आत कढत पाणी पुरते, कारण बादलीत निम्मे थंड मिसळावेच लागते. उरलेले पाणी भांडी, दुधाचे कॅन आणि गाईची ढेप भिजवायला जाते. जानेवारीत एकदा आई न्हाणीतून आली, देवापाशी दिवा लावला आणि म्हणाली, “आता सकाऊन धुरात बसा लागत नाही मले.” तिचा खोकला पूर्ण गेलेला नाही, पण पहाटेची ढास थांबली आहे. मला विचाराल तर या खरेदीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

आता पाण्याविषयी. विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते की ट्यूबला खारे पाणी चालते, म्हणून जोडणी बोअरच्या पाण्याच्या टाकीला केली. फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वानरांची टोळी स्लॅबवरून गेली आणि एक वानर ट्यूबवर उतरले. आम्ही धावत वर गेलो तेव्हा एक ट्यूब बुडापाशी फुटलेली होती आणि टाकीतले सगळे पाणी वाफाळत पन्हाळीकडे वाहत होते. या प्रकारात ट्यूब आणि टाकी आतून एकच असल्याने एक ट्यूब फुटली की सगळी टाकी रिकामी होते. पत्नी लगेच पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला निघाली होती. मिस्त्रीने फोनवर वेळीच थांबवले. उन्हात रिकाम्या राहिलेल्या ट्यूब आतून २०० अंशांच्या आसपास तापतात आणि त्यात थंड पाणी शिरले तर उरलेल्याही तडकू शकतात. ताडपत्री टाकली, सूर्य बुडाल्यावर दोन तास थांबलो आणि मग नवी ट्यूब बसवून पाणी भरले. हे बंब बसवतानाच प्रत्येकाला सांगायला हवे, घरातल्या बायकांना तर आवर्जून, कारण दुपारी घरी त्याच असतात.

त्या फुटक्या ट्यूबच्या बुडाचा तुकडा मी हातात घेतला. काचेला आतून पांढरट-पिवळा थर धरला होता, नखाने खरवडला तर चुन्यासारखा सुटत होता, आणि अगदी खाली त्याची खडी साचली होती, तीन महिन्यांत. मग टाकीतली मॅग्नेशियमची कांडी काढायला लावली. बसवताना अंगठ्याएवढी जाड असलेली ती कांडी खड्डे पडून पेन्सिलीएवढी झाली होती. ही कांडी स्वतः झिजून टाकीच्या पत्र्याला गंजापासून वाचवते, म्हणजे ती संपली की झीज टाकीवर येते. ट्यूबला खारे पाणी चालते हे बोलणे काचेपुरते खरे होते, पण टाकी काचेची नाही. आतला ३०४ प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा क्षारयुक्त गरम पाण्यात बारीक छिद्रे पडून फुटू शकतो, आणि हमीपत्राच्या मागच्या पानावर लहान अक्षरांत लिहिले होते की पाण्यातल्या क्षारांमुळे झालेले नुकसान हमीत धरले जाणार नाही. विक्रेत्याला ते पान दाखवले तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की बोअरचे पाणी बंबाला जोडू नका. घेण्याआधी पाणी तपासून घ्या, आणि हमीपत्र पैसे देण्याआधी वाचा.

आम्ही त्यानंतर शहानूर धरणावरून येणारे नळाचे पाणी ३०० लिटरच्या वेगळ्या टाकीत साठवून तेच बंबाला दिले. थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीहून उंच असावी लागते, नाहीतर बंब पुरता भरत नाही. त्यासाठी चार फुटांचा विटांचा ओटा बांधावा लागला. ट्यूब काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतल्या, नवी कांडी टाकली, आणि ट्यूबच्या वर अर्धा फूट अंतरावर मोठ्या छिद्रांची तारेची जाळी लावली. वानरे अजूनही येतात, जाळीवर बसतात आणि निघून जातात.

एप्रिलच्या शेवटी दुसरी चूक उघडी पडली. मिस्त्रीने गरम पाण्याचा पाइप उष्णता सोसणाऱ्या सीपीव्हीसीचा टाकला होता, पण थंड पाणी आत येण्याचा पाइप साधा पांढरा पीव्हीसीचा होता. टाकीजवळ तोही आतून तापतो. उन्हाळ्यात तो मऊ पडून मधोमध वाकला आणि सांध्यातून गळू लागला. टाकीजवळचे निदान सहा फूट दोन्ही बाजूंनी गरम पाण्याचाच पाइप असावा. हवेची उभी नळीही पक्की हवी आणि ती कधीही बंद करू नये, कारण मे महिन्यात टाकीतले पाणी ८५ अंशांच्या वर गेले होते आणि वाफ तिथूनच बाहेर पडत होती. त्या दिवसांत गरम पाण्याची कोणाला गरजच नसते, त्यामुळे वीसपैकी बारा ट्यूब गोणपाटाने झाकल्या आणि न्हाणीतल्या गरम तोटीची मूठ काढून ठेवली. लहान मुलाने नुसती तोटी उघडली तरी भाजण्याइतके ते पाणी कढत असते.

पावसाळ्यात बंबाकडून फार अपेक्षा ठेवू नये. विरळ ढग असले तर पाणी कोमट होते, पण जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की तिसऱ्या दिवशी ३० अंशांच्या वर जात नाही. टाकीत विजेची कॉइल बसवून देण्याचा आग्रह झाला होता, तो आम्ही मानला नाही. कॉइल लावली की दोन बादल्यांसाठी अख्खी २०० लिटरची टाकी तापवावी लागते. त्याऐवजी न्हाणीत १५ लिटरचा छोटा गिझर वेगळ्या तोटीवर ठेवला. एका भरण्याला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते, आणि दहा महिन्यांत तो तीस-पस्तीस दिवसच लावावा लागला.

खर्चाचा हिशेब सरळ मांडतो. बंबाचे ३१,५०० रुपये, पाइप आणि मजुरीचे ६,२००, आणि नंतरची टाकी, ओटा, जाळी, ट्यूब मिळून सुमारे ९,०००. डिसेंबर २०२३चे बिल १७८ युनिटचे होते, बंब बसवल्यावर डिसेंबर २०२४चे ११२ युनिटचे आले. वर्षाला साडेचारशे युनिट वाचतील आणि युनिटमागे दहा रुपये धरले, तर नुसत्या विजेतून पैसे वळायला दहा वर्षे लागतील. ज्यांच्याकडे सगळे पाणी गिझरवरच तापते त्यांचे लवकर वळतील; आमच्याकडे निम्मे काम चूल करत होती आणि पऱ्हाटीला पैसे पडत नव्हते. गावात पुष्कळ जण विचारतात की प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून याला अनुदान मिळते का. मिळत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेली ती योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या बंबासाठी नाही. दोन्हींना सोलरच म्हणतात म्हणून घोटाळा होतो, आणि काही विक्रेते तो दूर करत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये कांडी पुन्हा काढून पाहणार आहे. नळाच्या पाण्यावर ती किती झिजली हे तेव्हा कळेल. दोन जादा ट्यूब आणि रबरी कड्या आणून धान्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, कारण तालुक्याला त्या वेळेवर मिळत नाहीत. या वर्षीची पऱ्हाटी घरी आणायची नाही असे बाबांनी ठरवले आहे. वेचणी संपली की वावरातच श्रेडर (काड्यांचे तुकडे करणारे यंत्र) फिरवून ती मातीत मिसळायची आहे, आणि घरामागच्या गंजीच्या जागेवर आईने सांभार (कोथिंबीर) आणि मेथी पेरली आहे.