पोकेमॉन गोल्ड : काही महिने खेळल्यावर आणि बॅटरी बदलल्यावर

पोकेमॉन गोल्ड या जुन्या गेमबॉय गेममधला माझा सेव्ह (साठवलेला खेळ) गेला. कार्ट्रिज घातलं, सुरू केलं, तर 'कंटिन्यू'चा पर्यायच नाही, थेट 'न्यू गेम'. जुनं कार्ट्रिज घेताना विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की बॅटरी नवीन टाकली आहे. उघडून पाहिलं तर आत कारखान्यातलीच सीआर२०२५, तिला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना कुणी हातही लावलेला नाही. नंतर त्याने मेसेजला उत्तर देणंही बंद केलं. याचा राग अजून गेलेला नाही, कारण गोल्डमध्ये बॅटरी म्हणजे फक्त सेव्ह नव्हे. याच बॅटरीवर घड्याळ चालतं, आणि घड्याळ काढलं तर या गेममधलं अर्धं सत्त्व गेलं.

१९९९ साली जपानमध्ये गोल्ड-सिल्व्हर आले तेव्हा कार्ट्रिजच्या आत खरं घड्याळ होतं. गेमबॉय बंद असतानाही ते चालू राहतं, म्हणून या कार्ट्रिजची बॅटरी लवकर उतरते. पहाटे चार ते दहा सकाळ, दहा ते सहा दिवस, मग रात्र. वारसुद्धा खरे. कीटक पकडायची स्पर्धा फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी.

सुरुवातीला हे घड्याळ मला जाच वाटायचं. मला खेळायला रात्रीच वेळ मिळतो, त्यामुळे गवतात सारखे हूटहूट हे घुबडासारखे पोकेमॉन. लॅप्रस हा पाण्यातला पोकेमॉन तर फक्त शुक्रवारी, युनियन केव्ह या गुहेच्या अगदी खालच्या मजल्यावर. शुक्रवार हुकला की आठवडाभर थांबा. पण एका शुक्रवारी सर्फ करत त्या तळ्यात शिरले आणि तो पाण्यावर समोर दिसला. इतर पोकेमॉनसारखा अचानक अंगावर येत नाही. तो तिथे असतो, आपण त्याच्याकडे जायचं. तेव्हापासून मत पालटलं. रेड-ब्लू या पहिल्या भागात सिल्फ कंपनीच्या इमारतीत एक माणूस लॅप्रस आयता हातात देतो, आणि माझा तो बॉक्समध्ये पडून राहिला होता. इथला मात्र सेव्ह जाईपर्यंत टीममधून हलला नाही.

डार्क आणि स्टील हे पोकेमॉनचे नवे टाइप, पोकेमॉनची अंडी, २५१ पोकेमॉन, हे सगळं चांगलंच आहे. पण सीक्वेल म्हणून गोल्ड खरा जिंकतो तो चॅम्पियन लान्सला हरवल्यावर. ऑलिव्हिन बंदरातून जहाजाने कांटो या पहिल्या भागातल्या प्रदेशात जाता येतं आणि कळतं की मधल्या काळात तिथेही तीन वर्षं गेली आहेत. लॅव्हेंडर टाउनमधला पोकेमॉन टॉवर आता रेडिओ टॉवर झालाय. सिनाबार बेटावर ज्वालामुखी फुटलाय. अख्ख्या गावातलं एक पोकेमॉन सेंटर तेवढं उरलंय, आणि जिम लीडर ब्लेनने जिम (बॅजसाठी लढायची जागा) सीफोम बेटांवरच्या गुहेत हलवलंय. उजाड झालेल्या सिनाबारवर आपला जुना प्रतिस्पर्धी ब्लू उभा असतो. पहिल्या भागातला तो तोऱ्यातला ब्लू ज्वालामुखीपुढे माणूस किती लहान ते बोलतो, आणि मी कन्सोल हातात धरून बराच वेळ तशीच बसले. पहिला भाग खेळलेल्यालाच हे भिडेल, आणि सीक्वेलने हेच करायला हवं.

लेव्हलचं गणित मात्र बिघडलंय. लान्सचा ड्रॅगनाइट लेव्हल ५०, कांटोतला शेवटचा जिम लीडर ब्लू ५८ पर्यंत, आणि मग माउंट सिल्व्हरवर पहिल्या भागाचा नायक रेडचा पिकाचू थेट ८१! मधली दरी भरायला गवतात धड काही नाही, जंगली पोकेमॉन फारच कमकुवत. हाउंडर आणि मर्क्रो हे नवे डार्क पोकेमॉन तर कांटोत पोचल्यावर मिळतात, तेही रात्रीच. तोवर टीम ठरलेली असते, त्यांना घ्यायचं कुठे?

२००९ चा हार्टगोल्ड (गोल्डचीच नवी आवृत्ती) घ्या असं बरेच जण सुचवतात. गेम उत्तम आहे, पण त्याच्या जुन्या कार्ट्रिजला लोक वाटेल ती किंमत सांगतात. निन्टेंडोच्या ३डीएस कन्सोलवर २०१७ मध्ये आलेलं गोल्ड स्वस्त होतं, पण ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. एका बॅटरीच्या खर्चात काम होत असताना मी तेवढे पैसे घालणार नाही. फक्त पट्ट्या लावलेलीच बॅटरी घ्या आणि सोल्डर करा. साधा सेल टेपने चिकटवला तर एका धक्क्यात संपर्क तुटतो आणि सेव्ह पुन्हा जातो.

नव्या सेव्हवर सोळाही बॅज झालेत आणि टीम लेव्हल साठच्या आसपास आहे. रेडकडे जाण्याआधी एलिट फोर या चार बलाढ्य ट्रेनरांच्या अजून बऱ्याच फेऱ्या माराव्या लागणार.