सीओईपीची मेटलर्जी की निगडीत कम्प्युटर?

सीईटीचा निकाल लागला की पुण्यात घरोघरी हा वाद रंगतो. पर्सेंटाइल नेमका असा येतो की सीओईपीला, म्हणजे शिवाजीनगरच्या जुन्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजला, मेटलर्जी (धातुशास्त्र) हाताशी दिसते, आणि कम्प्युटरच हवं असेल तर निगडीच्या पीसीसीओईसारख्या खासगी कॉलेजकडे वळावं लागतं. कटऑफ दरवर्षी थोडा वरखाली होतो, पेच तसाच राहतो. लोणावळा लोकलच्या एकाच मार्गावर सीओईपीचं शिवाजीनगर आणि निगडीजवळचं आकुर्डी, पण काका-मामांच्या लेखी दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर!

काका-मामा अगदीच चूक नाहीत. सीओईपी १८५४ सालचं, विश्वेश्वरय्या इथेच शिकले, २०२२ मध्ये त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. पीसीसीओई सुरू झालं १९९९ मध्ये. या वयाचा उपयोग मुलाला होतो तो मुख्यतः सीनियर्समुळे. मोठ्या कंपन्यांत, सरकारी खात्यांत, परदेशी विद्यापीठांत कुणी ना कुणी सीओईपीचं सापडतं आणि एका मेसेजवर उत्तर देतं. शिवाय बोट क्लब असो वा रोबोटिक्सची टीम, तिथे सगळ्या ब्रँचची मुलं एकत्र असतात. मेटलर्जीचा मुलगाही कम्प्युटरच्या मुलांसोबत रात्र जागवतो आणि बरंच काही तिथेच शिकतो.

पण प्लेसमेंटच्या नोटिशीत एक ओळ असते: पात्र शाखा. तिथे ‘सर्व शाखा’ असेल तर प्रश्नच नाही. ‘फक्त सर्किट ब्रँचेस’ (कम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे) असेल, तर मेटलर्जीच्या मुलाला सीओईपीच्या आवारात बसूनही परीक्षा देता येत नाही. म्हणून दोन्हीकडे ब्रँचनिहाय आकडे मागा. बॅनरवरचं सर्वात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. तुम्हाला हवा तो त्या ब्रँचचा मधला आकडा, आणि किती मुलं बसली, किती लागली याचा हिशोब.

आता मेटलर्जीबद्दल, कारण या वादात तिचा उल्लेख ‘लोअर ब्रँच’ असाच होतो आणि ते मला पटत नाही. दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये पोलादाचा छोटा तुकडा पॉलिश करायला देतात. आधी जाड एमरी पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी तुकडा नव्वद अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी कापडावर आरशासारखा चकचकीत करायचा, नायटल (नायट्रिक अॅसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावायचं, की मायक्रोस्कोपखाली धातूचे कण उघडे पडतात. एखादा ओरखडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. ज्याला यात मजा वाटते, त्याच्यासाठी फोर्जिंग आणि पोलाद कंपन्या आहेत, एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर आहे, बॅटरी आणि सेमीकंडक्टरचं संशोधनही याच विषयाला लागून आहे. ज्याला कंटाळा येतो, त्याला पुढची तीन वर्षं जड जातात. केटी लागतात, सीजीपीए (सरासरी गुण) घसरतो, आणि मग ‘सर्व शाखा’वाल्या कंपन्यांच्या सीजीपीएच्या अटीतही तो बसत नाही. कॉलेजचं नाव इथे वाचवत नाही.

कम्प्युटरलाही हाच नियम. एक चूक शोधण्यात तीन तास गेल्यावरही ज्याला उठावंसं वाटत नाही, त्याने निगडीला बेधडक जावं. ‘सगळे घेतात म्हणून’ कम्प्युटर घेणाऱ्याची गाडी डेटा स्ट्रक्चर्स या सुरुवातीच्या विषयापाशीच अडखळते.

‘आधी सीओईपी घेऊ, मग ब्रँच बदलू’ हा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. बदल होतो तो रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणानुक्रमे. कम्प्युटरच्या जागा फारशा रिकाम्या होत नाहीत आणि रांगेत वर्गातली सर्वात हुशार मुलं असतात.

फीचा हिशोब घरोघरी वेगळा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती सहसा जड जाते. मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४ च्या निर्णयानुसार ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं. अशा घरात दोन्ही कॉलेजांमधला फरक बराच कमी होतो. बाहेरगावच्यांनी हॉस्टेलची चौकशी आधी करावी, नाहीतर वाचलेली फी कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या एका खाटेवर जाते.

माझा कौल असा: कम्प्युटरची ओढ खरी असेल तर निगडी, मेटलर्जी आवडत असेल तर सीओईपी, डोळे झाकून. काहीच ठरत नसेल, तरी मी सीओईपीकडे झुकेन, पण मुलाने आधी दोन्हीकडचा दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस स्वतः वाचलेला असावा. बाबांनी नव्हे.

आणि हा निर्णय फॉर्म भरायच्या आधी घ्या. २०२५ च्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय लागला तरी तेच. यंदाचं माहितीपत्रक बघूनच क्रम लावा. ‘बघू तर खरं, लागतं का’ म्हणून मेटलर्जी पहिल्या ओळीत टाकली आणि लागली, तर पुढच्या फेरीत कम्प्युटरसाठी थांबता येणार नाही.