टीएफआर (तात्पुरते हवाई निर्बंध) दाखवणारं अ‍ॅप आणि एडीएस-बी रिसीव्हर : न्यू जर्सीतला एप्रिल ते नोव्हेंबरचा अनुभव

टॅबलेटवरचं उड्डाण-नकाशांचं अ‍ॅप आणि खिडकीला चिकटवायचा छोटा एडीएस-बी रिसीव्हर (हवामान आणि निर्बंधांची प्रसारित माहिती पकडणारं यंत्र) असा संच मी एप्रिलमध्ये घेतला. तेव्हापासून भाड्याच्या सिंगल इंजिन विमानात तो सतत सोबत आहे. कंपनीचं नाव देत नाही. असे बरेच संच बाजारात आहेत आणि हवाई निर्बंधांची माहिती सगळ्यांना एफएएकडूनच (अमेरिकेची नागरी विमान वाहतूक यंत्रणा) मिळते, त्यामुळे अनुभव थोड्याफार फरकाने सारखाच येईल. एडिसन-पिस्कॅटवे भागातले आपले काही मराठी लोक सध्या प्रायव्हेट पायलटच्या परवान्यासाठी शिकताहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

घेण्याचं कारण एकच, बेडमिन्स्टर. अध्यक्ष ट्रम्प तिथल्या त्यांच्या गोल्फ क्लबवर मुक्कामाला आले की मध्य जर्सीच्या आकाशात तात्पुरत्या निर्बंधांची दोन वर्तुळं लागू होतात. आतलं साधारण १० नॉटिकल मैल त्रिज्येचं, बाहेरचं ३० चं, उंची जवळजवळ १८,००० फुटांपर्यंत. सॉमरसेट आणि सॉल्बर्ग हे दोन्ही छोटे विमानतळ आतल्या वर्तुळात अडकतात, तिथली आपल्यासारख्यांची नेहमीची उड्डाणं बंदच. प्रिन्स्टन, मॉरिसटाउन, लिंडन बाहेरच्या वर्तुळात. तिथून उडता येतं, पण फ्लाइट प्लॅन, कंट्रोलरने दिलेला स्वतंत्र स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखण्याचा क्रमांक) आणि रेडिओवर संपर्क, तिन्ही लागतात. शिकाऊ सराव, घिरट्या, सहज म्हणून मारलेली चक्कर, यातलं काही चालत नाही. ५ जुलै २०२५ ला नोरॅडच्या (अमेरिका-कॅनडाची संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणा) लढाऊ विमानाने एका खाजगी विमानासमोरून आडवं जाऊन त्याचं लक्ष वेधून घेतलं, आणि त्या दिवसातली ती पाचवी घुसखोरी होती. म्हणजे हा प्रकार एखाद्याच पायलटच्या बाबतीत घडत नाही.

आता संचाबद्दल. वर्तुळ नेमकं कुठे आहे, हे दाखवण्यात तो अप्रतिम आहे. पूर्वी नोटॅममधलं (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) 'सॉल्बर्ग व्हीओआरपासून अमुक रेडियल, तमुक मैल', म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनची दिशा आणि अंतर, वाचून कागदी नकाशावर पेन्सिलने गोल काढावा लागे. आता आपलं विमान आणि वर्तुळाची कड एकाच पडद्यावर दिसतात, आणि वर्तुळावर बोट ठेवलं की नोटॅमचा मूळ मजकूर उघडतो. तो मजकूर वाचाच. न्यूयॉर्कच्या बाजूला वर्तुळाचा आकार बऱ्याचदा कापलेला असतो, अपवाद दिलेले असतात, आणि बाहेरच्या वर्तुळाच्या अटी चित्रात येत नाहीत. निघण्यापूर्वी मार्गातलं हवामान, नोटॅम आणि टीएफआर एकत्र उतरवून घेण्याची सोय आहे, ती मी दर वेळी वापरतो.

कायमस्वरूपी निर्बंधित क्षेत्रांसाठीही फायदा झाला. फोर्ट डिक्सजवळचं आर-५००१ किंवा वॉरन ग्रोव्हचं आर-५००२, किनाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूला लागतात. २०२१ पासून सेक्शनल नकाशे (वैमानिकांचे प्रादेशिक नकाशे) दर ५६ दिवसांनी नवे निघतात, आणि ते आपोआप उतरवले जातात हे फार सोयीचं आहे. मात्र क्षेत्र त्या क्षणी चालू आहे की नाही, हे मी मॅग्वायर अप्रोचला (त्या भागातले हवाई नियंत्रक) रेडिओवर विचारतो.

खरी अडचण वेळेची आहे. नोटॅममधल्या वेळा झुलू, म्हणजे यूटीसीमध्ये असतात. उन्हाळ्यात आपण चार तास मागे. शुक्रवारी रात्री ८ ला सुरू होणारा टीएफआर कागदावर शनिवारच्या तारखेने, ०००० वाजता दिसतो. नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे घेतली की फरक पाच तासांचा होतो. अ‍ॅप स्थानिक वेळ दाखवतं, तरी मी मूळ आकडे बघून स्वतः हिशेब करतो आणि हातावरच्या पाटीवर दोन्ही वेळा लिहून ठेवतो. दौऱ्याच्या वेळा बदलल्या की जुना नोटॅम रद्द होऊन नवा येतो, त्यामुळे आदल्या रात्रीचं ब्रीफिंग (उड्डाणापूर्वी घेतलेली माहिती) सकाळी जुनं झालेलं असू शकतं.

रिसीव्हर इथे पूर्ण मदतीला येत नाही. एफआयएस-बी ची (रिसीव्हरला मिळणारं हवामान-निर्बंधांचं प्रसारण) माहिती जमिनीवरच्या मनोऱ्यांकडून सरळ रेषेत येते. विमानतळावर उभं असताना किंवा फार खाली असताना अनेकदा काहीच मिळत नाही, वर चढल्यावर चित्र भरत जातं. टीएफआरची माहिती साधारण दर १० मिनिटांनी प्रसारित होते. टीएफआर सोडले, तर ३० दिवसांपेक्षा जुने नोटॅम त्यात दिलेच जात नाहीत. ही सेवा ब्रीफिंगला पर्याय नाही हे एफएए स्वतःच सांगते, आणि कायद्याने जबाबदारी पायलटची.

म्हणून याच्या जोडीला फ्लाइट सर्व्हिसची (वैमानिकांना उड्डाणापूर्वी माहिती देणारी यंत्रणा) फुकट सेवा लावून घ्या. १८००डब्ल्यूएक्सब्रीफवर खातं उघडून फ्लाइट प्लॅन भरला आणि सूचना सुरू केल्या, की मार्गावर नवा टीएफआर आल्यास फोनवर संदेश येतो. मला या साऱ्यात सर्वांत जास्त भरवसा याचाच वाटतो. शंका राहिली तर त्याच सेवेला फोन करून ब्रीफरशी बोलता येतं, आणि शिकणाऱ्यांनी असं विचारण्याची लाज बाळगू नये.

स्टेडियमचा निर्बंध मात्र कोणत्याही पडद्यावर नीट कळत नाही. ३०,००० किंवा जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये एनएफएल, मेजर लीग बेसबॉल किंवा विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीतल्या फुटबॉलचा सामना असला, की एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत ३ नॉटिकल मैल आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत जाता येत नाही. तो नोटॅम कायम लागू असतो, त्यात एकेका सामन्याची वेळ दिलेली नसते. पिस्कॅटवेचं रटगर्सचं स्टेडियम आणि ईस्ट रदरफर्डचं मेटलाइफ, दोन्हींची वेळापत्रकं मी सप्टेंबरमध्येच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली.

किरकोळ तक्रारी: जुलैच्या उन्हात काचेजवळ ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो, म्हणून तो मांडीवर आणि कागदी सेक्शनल पिशवीत. रिसीव्हरची बॅटरी लांबच्या उड्डाणाला पुरली. वर्षाची वर्गणी स्वस्त नाही, पण मी ती पुढच्या वर्षासाठी भरली आहे, सर्वांत साध्या योजनेची. टीएफआरसाठी त्यापेक्षा महाग योजना घेण्याची गरज मला एकदाही भासली नाही.